एकट्याचं कार्ड

माझ्या मावशीला सगळे काजकाकू म्हणत. गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात तिने काज-बटणाचं काम केलं, ते लग्नाच्या आधीपासून थेट गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत. दुकान लांबट होतं, खिडकी एकच, आणि त्या खिडकीखालची जागा मावशीची. मालक म्हणायचे, मशीनवाल्यांना खिडकी दिली की ते रस्त्यावरची माणसं बघत बसतात, काजकाकू मात्र उजेड तेवढा घेतात. पगार वेळेवर व्हायचा. पण पगारापलीकडे काही नव्हतं. पेन्शन, दवाखान्याचं कार्ड, आजारपणाची रजा, हे सगळं काकांच्या नोकरीत. काका, म्हणजे मावशीचे यजमान, पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात मीटर दुरुस्तीला होते.

काका चांगला माणूस. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की ते खडूस असावेत. तसं अजिबात नव्हतं. मावशीचे पाय दुखले की स्वतः तेल कोमट करून आणत. तिला दुकानातून यायला उशीर झाला की कोपऱ्यावर येऊन उभे राहत. ऑफिसातले मित्र त्यांना बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणून चिडवायचे, आणि काका ते हसून घ्यायचे. निदान आम्हाला तसं वाटायचं.

मावशीच्या दातांची रड जुनी होती. खालची एक दाढ काढून टाकलेली, तिच्या शेजारची अर्धी तुटलेली, वरची एक किडून पोकळ झालेली. ती डावीकडून चावायची. कडक काही खायचं झालं तर पाण्यात नाहीतर दुधात बुडवायची आणि म्हणायची, मला असंच आवडतं. काकांच्या ऑफिसकडून दातांच्या खर्चाला वर्षाकाठी एक ठरावीक रक्कम मिळे, सगळ्या घराला मिळून. ती आधी माझ्या मावसबहिणीच्या दातांना तारा लावण्यात गेली. मग काकांची रूट कॅनल निघाली. मावशीची पाळी वर्षअखेरीला यायची आणि तोवर रक्कम संपलेली असायची.

काका तिला समजावत. रिटायर झाल्यावर वेगळी योजना असते, त्यात माणशी खर्च मिळतो, मग तुझं सगळं तोंड एका फटक्यात नवं करून टाकू. मावशीला हे इतकं पटलं होतं की ती आल्यागेल्याला सांगायची. बाकीचे लोक निवृत्तीनंतर कुठे फिरायला जायचं याचे बेत करतात, मावशीने दाढांचा बेत केला होता. मी एकदा तिच्याबरोबर भाजी घ्यायला गेले, तर कोवळी गाजरं बघून म्हणाली, "पुढच्या वर्षी घेऊ. अख्खी, न किसता."

काका रिटायर झाले. छोटा समारंभ झाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, घरी आल्यावर त्यांनी मावशीला सांगितलं की दातांच्या योजनेचंही आजच करून टाकलं, काळजी नको. मावशीनेही त्यानंतर लवकरच दुकान सोडलं. मालकांनी खूप आग्रह केला, पण गुडघे ऐकेनात.

पहिला नंबर काकांचा लागला, कारण त्यांचा जुना ब्रिज हलायला लागला होता. दंतवैद्यांकडे खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला मावशी बरोबर. पाण्याची बाटली आणि रुमाल घेऊन ती बाहेरच्या सोफ्यावर बसायची. काउंटरवरची मुलगी तिच्या इतकी ओळखीची झाली की मावशीने तिच्या एप्रनची निघालेली बटणं तिथेच बसून लावून दिली. काकांचे दात झकास झाले. ते रोज सकाळी अख्खं सफरचंद चावून खायला लागले. त्याचा करकर आवाज आत स्वयंपाकघरात ऐकू जायचा, आणि मावशी कौतुकाने म्हणायची, ऐक, घोडा जेवतोय.

तिची पाळी मात्र येईना. डॉक्टर परगावी गेलेत, आले की जाऊ. योजनेत काहीतरी बदल चाललाय, तो होऊ दे. थंडीत दाढ काढू नये, हिरडी भरून यायला वेळ लागतो. काकांचं प्रत्येक कारण मावशी मला खरं मानून सांगायची. मला थोडं चमत्कारिक वाटायचं, पण दुसऱ्याच्या घरात किती नाक खुपसायचं.

मग एका सकाळी तिचा फोन आला. शब्द नीट उमटत नव्हते. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते, धावत गेले, तर उजवा गाल सुजून डोळ्यापर्यंत आलेला. काका मित्रांकडे कॅरम खेळायला गेले होते आणि फोन उचलत नव्हते. मी तिला घेऊन त्याच दंतवैद्यांकडे गेले. काउंटरवरच्या मुलीने उठून खुर्ची दिली. मावशीने पर्समधून योजनेच्या कार्डाची प्रत काढून दिली. मुलीने नंबर टाकला, पडद्याकडे बघितलं, परत टाकला.

"काकू," ती हळू आवाजात म्हणाली, "यात फक्त काकांचं नाव आहे."

मावशी सुजल्या तोंडाने हसली. म्हणाली, माझं नाव तिकडे अर्धवट लिहिलं असेल, नीट बघ. मुलीने पडदा तिच्याकडे फिरवला. जोडीदार या शब्दापुढे 'नाही' असं लिहिलेलं होतं. "हे कार्ड एकट्याचं आहे, काकू."

डॉक्टरांनी तरी तिला बघितलं. गोळ्या दिल्या, सूज उतरली की काय काय करावं लागेल ते सांगितलं. दोन दाढा काढायच्या, एक रूट कॅनल, खाली काढघाल करायची कवळी. त्यांनी खर्चाचा अंदाज सांगितला तेव्हा मावशीने त्यांना मध्येच थांबवलं. म्हणाली, ते आमच्या योजनेतून होणार आहे, ऑफिसवाल्यांनी गडबड केलीय, आमचे हे उद्या जाऊन दुरुस्त करून घेतील.

रिक्षात ती ऑफिसवाल्यांवर चिडली होती. इतकी वर्षं राबवून घेतलं आणि साधं नाव नीट घालता येत नाही म्हणाली. तिला वाईट वाटत होतं ते काकांचं. ते किती विश्वासाने बसलेत, आणि त्यांच्या तोंडाला पानं पुसली.

आम्ही पोचलो तेव्हा काका घरी आलेले होते. तिचा गाल बघून धावपळ केली, उशी दिली, पंखा लावला. मावशीने सगळी हकिकत सांगितली आणि म्हणाली, उद्या सकाळी पहिलं काम हे करा. काका पंख्याचं बटण चाचपत राहिले. "हं. बघतो," म्हणाले.

त्या 'बघतो'मध्ये काय होतं कोण जाणे. मावशीने मान वर केली. मीही त्यांच्याकडे बघितलं. काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले.

"तुम्हाला माहीत होतं?" मावशीने विचारलं.

काका बराच वेळ काच पुसत होते. मग म्हणाले, "तुझे दात दुखतात असं तू कधी बोलली होतीस?"

मावशी उठली, आत गेली, गुळण्यांसाठी पाणी तापत ठेवलं.

पुढचे काही दिवस ती कारण शोधत होती. दुपारी माझ्याकडे येऊन बसायची आणि एकेक तर्क काढायची. ह्यांनी कुणाचं कर्ज डोक्यावर घेतलं असेल का? धाकट्या दिरांना गुपचूप मदत करत असतील का? तिला काहीतरी कारण हवं होतं, मग ते कितीही वाईट असो. पैशांची अशी काही अडचण, की दोघांचा खर्च झेपणार नव्हता. आणि तसं ते घर ओढगस्तीचं नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं.

शेवटी ती म्हणाली, चल, ऑफिसात जाऊ. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. निवृत्तांच्या खिडकीवर एक वयस्कर बाई होत्या, चष्म्याला दोरी लावलेली, बोलायला मोकळ्या. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. रिटायर होताना प्रत्येकाला एकदाच विचारतात, एकट्याचं की दोघांचं. दोघांचं केलं तर कपात थोडी वाढते. एकदा सांगितलं की ते कायमचं, मागाहून नाव घालता येत नाही. मावशीने मान डोलावली आणि आभार मानून निघणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "पण हे सगळं तुमच्या मिस्टरांना मी सांगितलं होतं की. ते आले होते ना नाव घालता येईल का विचारायला. दोनदा आले. साहेबांनाही भेटले. फार वाईट वाटत होतं त्यांना."

"कधी?"

"झालं बरंच. पहिल्याच थंडीत."

थंडीत दाढ काढू नये, हे मावशीला ज्या थंडीत सांगितलं होतं, तीच ती थंडी. ऑफिसच्या पायऱ्यांवर ती कठड्याला धरून थोडा वेळ उभी राहिली. मला वाटलं गुडघे. म्हणून मी हात पुढे केला, तर तिने घेतला नाही.

त्या संध्याकाळी तिने मला थांबवून घेतलं. म्हणाली, कुणीतरी तिसरं माणूस समोर असलेलं बरं, नाहीतर उद्या मलाच वाटेल की मी चुकीचं ऐकलं. काका जेवणाच्या टेबलाशी बसले होते. तिने आवाज चढवला नाही. इतकंच म्हणाली की त्या दिवशी खिडकीवर काय झालं ते मला सांगा, आणि या वेळी खरं सांगा.

काकांनी सांगितलं. त्या दिवशी ते आणि त्यांचे एक मित्र, ज्यांच्याकडे ते कॅरमला जातात ते, एकदमच रिटायर होत होते, एकाच रांगेत उभे होते. बाईंनी विचारलं, एकट्याचं की दोघांचं. काका तोंड उघडणार, इतक्यात मागून कॅरमवाले म्हणाले, अरे मांजरा, वाघिणीचे दात स्वतःच्या पैशाने कशाला पाजवून घेतोस? रांग खदखदून हसली. काकाही हसले. आणि त्या हसण्याच्या भरात म्हणून गेले, एकट्याचं करा.

मग मावशीने विचारलं, "आणि त्यांनी?"

"कोणी?"

"तुमच्या मित्राने. त्यांनी कुठलं केलं?"

काका टेबलावरच्या मेणकापडाकडे बघत म्हणाले, "दोघांचं."

मावशी हसली. ते हसणं मला आजही आठवलं की नको वाटतं. ती म्हणाली, "चार माणसांत माझी थट्टा झाली आणि तुम्ही हसलात, ते मी एक वेळ गिळलं असतं. हसता हसता माणूस काहीही बोलून जातो. पण त्यानंतर मी तुम्हाला विचारत राहिले, दाताच्या कण्या केल्या, आणि तुम्ही मला दर वेळी नवं कारण दिलंत. तेव्हा मागे कुणी रांगेत उभं नव्हतं."

काका म्हणाले की सांगायचं धाडस होत नव्हतं. जितके दिवस गेले तितकं कठीण झालं. मग बँकेतली ठेव मोडू म्हणाले, उद्याच मोडू, तुझं सगळं करून घेऊ. मावशीने मान हलवली. "ती ठेव दोघांची आहे. माझ्या दुकानाचे पैसे त्यात आहेत. माझंच मला देऊन तुम्ही मोकळे होणार?"

दुसऱ्या दिवशी मावसबहिणीचा फोन आला. ती लांब, दुसऱ्या शहरात असते. काकांनी तिला रात्रीच कळवलं असावं. ती आईची समजूत काढायला लागली, बाबांनी मुद्दाम नाही केलं, आतून ते किती झुरत होते. मावशीने विचारलं, झुरत होते हे तुला गं कसं ठाऊक? मग पोरीने कबूल केलं, बाबांनी तिला तेव्हाच सांगितलं होतं. तिनेच सुचवलं होतं की आईला आत्ता सांगू नका, तिला लागेल, आपण बघू काहीतरी. मावशीने फोन खाली ठेवला आणि मला म्हणाली, "घरात तिघं माणसं. त्यातल्या दोघांना ठाऊक होतं." त्या दिवशी ती जेवली नाही, आणि याचं कारण दाढ नव्हती.

मग मात्र ती कामाला लागली. आधी विम्याचा एजंट बोलावला. गोड माणूस, प्रत्येक वाक्यात तीनदा काकू. ती पॉलिसी अशी होती की पहिलं वर्षभर फक्त तपासणी आणि सफाई, मोठी कामं त्यानंतर. आणि पॉलिसी घ्यायच्या आधी जे दात पडलेत किंवा काढलेत, त्यांच्या जागी काही बसवायचं तर एक पैसा नाही.

मावशीने नीट ऐकून घेतलं. "म्हणजे विमा दातांचा आहे, खड्ड्यांचा नाही."

एजंट हसला. तिने घासाघीस करून, प्रत्येक कलम त्याच्याकडून वाचून घेऊन, आपल्या एकटीच्या नावाची एक लहानशी पॉलिसी घेतली, उरलेल्या दातांसाठी. हप्ता आपल्या पैशाने भरायचा म्हणून दुकानात गेली. मालकांनी काही विचारलं नाही. खिडकीखाली दुसरं कुणी बसत होतं, त्याला उठवून स्टूल पुसून दिलं. रोज अर्धा दिवस, जमेल तेवढं काम.

खड्ड्यांचं काय करायचं हा प्रश्न होताच. दंतवैद्यांच्या काउंटरवरच्या त्या मुलीनेच दातांच्या कॉलेजचा रस्ता दाखवला. तिथे शिकणारी मुलं काम करतात, शिक्षक तपासतात, खर्च अगदी कमी येतो. वेळ मात्र भरपूर हवा. मावशी म्हणाली, वेळ आहे, मला वाट बघायची सवय आहे.

पहिल्या दिवशी मी बरोबर गेले. लांबलचक हॉल, दोन्ही बाजूंना खुर्च्यांच्या रांगा, प्रत्येक खुर्चीवर कुणीतरी आ करून पडलेलं. मावशीच्या वाट्याला एक बुटकी, घाबरट मुलगी आली. तिने आरसा घालून तपासलं, आणि कागदावर काही लिहायच्या आधी विचारलं, "आजी, तुम्ही शिवणकाम करता का?"

मावशीने तोंड मिटून विचारलं, कशावरून?

"समोरच्या दाताला बारीक खाच आहे. दोरा तोडून तोडून पडते अशी. पुस्तकात वाचलं होतं, बघितली आज." मुलीला इतका आनंद झाला की तिने शेजारच्या खुर्चीवरच्या मैत्रिणीला बोलावून ती खाच दाखवली. मावशी नंतर मला म्हणाली, इतक्या वर्षांत माझ्या तोंडाकडे इतकं लक्ष देऊन बघणारी ही पहिलीच.

काम कित्येक आठवडे चाललं. मुलगी एक पायरी करायची, मग शिक्षक यायचे, कधी शाबासकी देऊन जायचे, कधी सगळं पुन्हा करायला लावायचे. काका सुरुवातीला बरोबर यायला निघाले, पाण्याची बाटली भरून. मावशीने बाटली हातातून घेतली आणि त्यांना घरी राहायला सांगितलं. तरी ते मागून यायचे आणि कॉलेजच्या मोठ्या फाटकासमोरच्या बाकावर बसून राहायचे. मावशीला ते कळलं होतं. ती मागच्या फाटकाने बाहेर पडून बस पकडायची. मी एकदा म्हटलं, अगं, दुपारच्या उन्हात बसलेत ते तिथे. तर शांतपणे म्हणाली, "बसू देत." नंतर पाऊस सुरू झाला तेव्हा तिने स्वतःच मोठ्या फाटकाने यायला सुरुवात केली. दोघं एका बसने घरी येत. काका म्हणत, आज काय केलं? ती सांगे, आज माप घेतलं. एवढंच.

कवळी बसली तेव्हा तिला 'स' म्हणता येईना. दुकानात सुई मागितली की पोरं मुद्दाम दोनदा विचारायची, आणि तीही त्यांच्याबरोबर हसायची. थोड्या दिवसांत जीभ वळली. गाजरं आणली, अख्खी खाल्ली. म्हणाली, ठीक आहेत, मला वाटलं होतं तितकी गोड नाहीत.

एकदा कॅरमवाले घरी आले. मावशीने त्यांना चहा दिला. त्यांनी नेहमीप्रमाणे मांजर आणि वाघिणीवरून काहीतरी टाकलं. मावशी ट्रे हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"तुमच्या मिसेसचे दात कसे आहेत?" तिने विचारलं.

"उत्तम," ते म्हणाले. "का हो?"

"नाही, सहज. असणारच."

त्यांना काही कळलं नाही. काका कपात बघत बसले. त्यानंतर काका कॅरमला जायचे बंद झाले. मावशीने तसं सांगितलं नव्हतं, आणि जा असंही म्हटलं नाही.

ती दोघं अजून त्याच घरात राहतात. ती त्यांचं दुखलंखुपलं बघते, ते अजूनही तेल कोमट करून देतात. मावसबहीण सुट्टीत येऊन रडून गेली, मावशीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. बाहेरून बघणाऱ्याला काही फरक कळणार नाही. मला कळतो तो एका गोष्टीत. हल्ली घरात कुठलाही कागद आला, विजेचं बिल असो, बँकेचं पत्र असो, डॉक्टरांची चिठ्ठी असो, काका तो लगेच उघडतात आणि मावशीला पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवतात. ती हातातलं काम न थांबवता ऐकते. वाचून झालं की सुई कापडात टोचून ठेवते, चष्मा लावते, हात पुढे करते आणि तोच कागद पहिल्या ओळीपासून स्वतः पुन्हा वाचते. तिचं वाचून होईपर्यंत काका तिच्यासमोर उभे असतात.